खो-खोचा संघ नसलेलं कॉलेज

बारावीच्या वर्षी रत्नागिरीच्या शाळांमध्ये मला सहज पकडू शकेल अशी मुलगी नव्हती. हे मला ठाऊक होतं, माझ्या संघाला ठाऊक होतं आणि समोरच्या संघालाही ठाऊक असायचं. मी मैदानात शिरले की त्यांचा सगळा बेत माझ्याभोवती फिरायचा. आधी हिला दमवा, मग बाकीच्या दोघींकडे बघा. बहुतेक वेळा उलटंच व्हायचं, दमायच्या त्याच.

आमचं घर पूर्णगडला, किल्ल्याच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी. बाबा तांडेल होते, म्हणजे मचव्याचं सुकाणू त्यांच्या हातात आणि मचवा मालकाचा. आई मासळी घेऊन पावसच्या बाजारात बसायची. मचव्यांतून मासळी उतरेपर्यंत आम्ही पोरं पुळणीवर शिवाशिवी खेळायचो. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि पाण्याजवळच्या वाळूत घसरतो. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात वेग न मोडता वळायला जिला जमलं तिच्यावर राज्य येत नसे. माझ्यावर क्वचितच यायचं.

दहावीनंतर मला विज्ञान शाखा हवी होती, म्हणून रत्नागिरीच्या एका शाळेत अकरावीला नाव घातलं. सकाळी एस.टी.ने जायचं, संध्याकाळी एस.टी.ने यायचं. पहिल्याच आठवड्यात गाडी चुकू नये म्हणून मी शाळेच्या पटांगणातून पळत सुटले होते. वाटेत मुलींचा खो-खोचा सराव चालू होता. मी त्यांच्या मधूनच, कुणालाही न लागता, वळसे घेत निघून गेले. दुसऱ्या दिवशी खेळाच्या बाई वर्गाच्या दारात उभ्या.

"काल आमच्या मैदानातून गेलीस ती तूच ना?"

मला वाटलं, आता बोलणी बसणार. बाई म्हणाल्या, "आज सावकाश ये. गाडीचं बघू."

गाडीचं त्यांनी खरंच बघितलं. वाहकाला सांगून ठेवलं, की ही मुलगी धावत येताना दिसली तर दोन मिनिटं थांबा. बाईंनी मला बसायला शिकवलं, उठायला शिकवलं, खांबाजवळ हूल द्यायला शिकवलं. पळता मला येतच होतं.

बारावीच्या हिवाळ्यात शालेय मुलींचे राज्य सामने कोल्हापूरला झाले. आमच्या जिल्ह्याचा संघ दुसऱ्याच फेरीत हरला, पण त्या सामन्यात मी अर्धी पाळी एकटीने काढली आणि नाबाद राहिले. खेळ संपल्यावर मी पायाची माती झाडत होते, तेव्हा डोक्याला पांढरी टोपी आणि गळ्यात शिट्टी असलेले एक सर जवळ आले. तिथल्याच एका मोठ्या कॉलेजात ते खेळाचे शिक्षक होते.

"बारावीला ना? पुढे काय करणार?"

"बी.एस्सी. गणित घेऊन."

"कुठे?"

"रत्नागिरीला."

"तिथल्या कॉलेजात मुलींचा खो-खोचा संघ आहे?"

"नाही."

"मग?"

मी पुन्हा पायाची माती झाडायला लागले. सर म्हणाले, "आमच्याकडे ये. फी पूर्ण माफ. वसतिगृहात जागा देतो. खाणावळीचं तेवढं तुझ्या घरच्यांनी बघायचं. तीन वर्षांत तुला विद्यापीठाच्या संघात आणि त्याच्याही पुढे खेळवतो. विचार कर."

मी विचार करायला घरी येईपर्यंतही थांबले नाही. आंबा घाट उतरेपर्यंत मनाने मी कोल्हापूरची झाले होते.

शिमग्याला बाबा निवांत घरी असायचे. पालखी नाचवून दमून आले आणि ओटीवर टेकले, तेव्हा मी विषय काढला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. कोल्हापूर त्यांनी पाहिलं नव्हतं, पण सरांचं म्हणणं त्यांना पटकन कळलं.

"म्हणजे तू धावायचंस आणि त्यांनी शिकवायचं," ते म्हणाले.

"हो."

"आणि खायचं आपण बघायचं."

"हो."

"तेच तर अवघड हाय गो."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कॉलेज सुरू व्हायचं ते जूनमध्ये, आणि आमच्याकडे पैसा यायचा बंद व्हायचा तोही जूनमध्येच. मचवे झावळ्यांनी शाकारून किनाऱ्यावर ठेवले की नारळी पौर्णिमेपर्यंत घरात सुकी मासळी, तांदूळ आणि आईने बाजूला टाकलेलं थोडंफार. खाणावळवाला काही पौर्णिमेपर्यंत थांबणार नव्हता. उलट रत्नागिरीच्या कॉलेजात फी भरावी लागणार होती, पण ती थोडी होती, एस.टी.चा सवलतीचा पास मिळायचा आणि जेवण घरचं. तिकडे फी माफ आणि इकडे फी भरायची, तरी आमच्यासाठी स्वस्त इकडचंच पडत होतं. हे उलटं गणित मी ओटीवर बसून बाबांना समजावून सांगितलं आणि माझं मलाच हसू आलं.

आई आतून म्हणाली, "आधी जाऊन बघून तरी येऊ. बघायला काय जातंय."

मे महिन्यात बाबांना हलता येईना. पावसाआधीचे शेवटचे दिवस, मासळी भरपूर, मालक सुट्टी देणार नाही. म्हणून मी आणि आई गेलो. घाटापलीकडे जायची आईची ती पहिलीच वेळ. रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून तिने सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, घेतले होते. कागदाच्या तीन पुड्यांत, वर फडकं, वर पिशवी, तरी साखरप्याच्या पुढे गाडीतल्या लोकांनी खिडक्या उघडायला सुरुवात केली. आई शांतपणे बाहेर बघत बसली.

कॉलेजचं मैदान बघून मी आधी वाकून माती हाताने चाचपून पाहिली. आमच्याकडे मैदान म्हणजे कातळावर टाकलेली लाल माती, पडलं की गुडघ्यात खडे. इथे काळी माती, पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट केलेली. खांब रंगवलेले. सुट्टी असूनही कॉलेजच्या मुली सरावाला हजर. सरांनी मला पाणी प्यायला सांगितलं आणि म्हणाले, "पळून दाखव."

त्या मातीवर पाय टाकला आणि मला कळलं, की आजवर मी निम्म्याच वेगाने पळत होते. पाय रुतत नाही, घसरत नाही, वळायचं मनात आलं की वळलेलं असायचं. पहिल्या तीन-चार जणी तर नुसत्या माझ्या मागे येऊन थांबल्या. मग त्यांनी मला खांबाकडे रेटायला सुरुवात केली. त्या चांगल्या होत्या, फार चांगल्या. माझ्या हुलीला त्या दोनदा फसल्या, तिसऱ्यांदा फसल्या नाहीत. शेवटी एकीने सूर मारून माझ्या टाचेला हात लावला, तेव्हा बाकीच्या टाळ्या वाजवत होत्या. तिच्यासाठी की माझ्यासाठी, ते कळलं नाही. मी धापा टाकत हसत होते. इतकं चांगलं खेळणाऱ्या मुलींनी मला पकडायला इतका वेळ घ्यावा, ह्याचा मला अभिमान वाटला.

आई झाडाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

सर खूश होते. प्रवेशाचं बोलायला त्यांनी आम्हाला खोलीत बसवलं आणि म्हणाले, "बी.ए. घे. विज्ञानाची प्रात्यक्षिकं दुपारी असतात, आपला सराव पण दुपारी असतो. बी.ए.ला हजेरीचं मी बघतो."

"पण मला गणित घ्यायचंय, सर."

"गणित घेऊन करणार काय?"

करणार काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं, की गणिताचं पुस्तक उघडलं की मैदानात शिरल्यासारखं वाटायचं. वाट बंद झाली की वळण शोधायचं, ते सापडलं की सुटले. माझ्या वर्गात हे असं आणखी कुणाला वाटत नव्हतं. पण मला ते सरांना सांगता आलं नाही. मी म्हटलं, "आवडतं मला."

"आवडतं ते घरी वाच," सर म्हणाले. वाईट मनाने म्हणाले नाहीत. त्यांच्या दृष्टीने त्यांनी मोठी अडचण सोपी करून दिली होती.

मग त्यांनी आम्हाला वसतिगृह बघायला पाठवलं. ज्या खोलीत मला जागा मिळणार होती तिथे कागलकडची एक मुलगी होती, शेवटच्या वर्षाची. ती खाटेवर पाय लांब करून वाचत बसली होती आणि उजव्या गुडघ्याला पट्टी बांधलेली होती. आईने तिला पाय दुखतो का विचारलं.

"आता नाही दुखत. बांधायची सवय झालीय," ती म्हणाली. "गेल्या वर्षी खांबापाशी फिरला. त्याआधी मीच होते इथली कर्णधार."

"मग आता?"

"आता अभ्यास करते. कधी नव्हे तो." ती हसली. "सरांनी वर्षभर सांभाळून घेतलं. यंदा मात्र फी भरली. आमच्या वडलांनी म्हस विकली."

ती हे अगदी सहज बोलली. कुणाविषयी तक्रार नव्हती. उलट सर किती चांगले, मुलींना सामन्यांना नेताना किती काळजी घेतात, ते तिने आईला सांगितलं. आईने सोड्यांची एक पुडी तिला दिली आणि कसे करायचे तेही सांगितलं. मी मात्र त्या पट्टीकडे बघत होते.

परत सरांच्या खोलीत गेल्यावर मी त्यांना सरळ विचारलं, "सर, माझा पाय मोडला तर फीचं काय?"

सरांनी शिट्टी हातात घेऊन दोरी बोटाला गुंडाळली. "खोटं सांगणार नाही. सवलत खेळाडूची आहे. खेळणं थांबलं की ती दुसऱ्या खेळाडूला द्यावी लागते. वर्षभर मी ओढतो कसंतरी. त्यापुढे माझ्या हातात नाही." जरा थांबून ते म्हणाले, "पण पाय मोडेल असं धरून कुणी पळतं का?"

"पळताना नाही धरत," मी म्हटलं.

ते हसले. निकाल लागला की आठ दिवसांत कळव, म्हणाले.

परतताना मलकापूरला गाडी थांबली तेव्हा आम्ही चहा घेतला. कपाकडे बघत आई म्हणाली, "तू अशी धावतेस होय गो? मला कोणी सांगितलंच नाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आईने मला खेळताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं. शाळेचे सामने दुपारी असायचे आणि दुपारी ती बाजारात असायची. घरी मी हरले-जिंकले एवढंच सांगायचे.

"बघून कसं वाटलं?" मी विचारलं.

"भीती वाटली आधी. मग वाटलं, ह्या सगळ्यांनी मिळून तुला पकडू नये." तिने चहा संपवला. "तुला जायचं असेल तर जा. पावसाचे महिने कसे काढायचे ते मी आणि तुझे बाबा बघू. त्यासाठी नको म्हणू नकोस."

ती हे बोलली आणि माझा निर्णय झाला, पण तिला वाटलं असेल तसा नाही. पैशाची भिंत तिने बाजूला केली, तेव्हा तिच्यामागे काय आहे ते मला नीट दिसलं. मला कोल्हापूरचं मैदान हवं होतं, त्या मुली हव्या होत्या, सर हवे होते. नको होतं ते एवढंच, की माझं सगळं शिक्षण माझ्या गुडघ्यावर टांगलेलं असावं आणि तेही मला नको असलेल्या विषयाचं.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय ठरवलंस?"

"मला गणित पण हवंय आणि खो-खो पण हवाय."

"आणि ते दोन्ही कुठं मिळतंय?"

"रत्नागिरीत."

"तिथं खो-खो नाय म्हणालीस ना?"

"नाही. पण काढता येईल."

बाबांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "मग जा, बोलून ये," ते म्हणाले. घरातलं बोलणं तिथे संपलं.

निकाल लागला, गणितात उत्तम गुण पडले. कोल्हापूरला येत नाही असं सरांना कळवलं आणि रत्नागिरीच्या कॉलेजात प्रवेशाच्या रांगेत उभी राहण्याआधी प्राचार्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. शिपाई म्हणाला, साहेब कामात आहेत. मी म्हटलं, थांबते. पाऊस पडत होता आणि मला कुठे जायचंही नव्हतं. शेवटी प्राचार्यांनीच आतून विचारलं, कोण आहे.

ते उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "फीबद्दल असेल तर कार्यालयात विचार."

"फीबद्दल नाही, सर. खो-खोबद्दल आहे. आपल्या कॉलेजात मुलींचा संघ का नाही?"

"मुलींची मागणी कधी आली नाही."

"आता आली, सर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "खेळणार कोण?"

"मी."

"खो-खो एकटीने खेळत नाहीत, एवढं मलाही कळतं."

"बाकीच्या मी आणते."

"हे बघ," ते म्हणाले, "स्नेहसंमेलनाला मुली उत्साहाने नावं देतात आणि सरावाला येत नाहीत. घरचे सोडत नाहीत. हा माझा अनुभव आहे."

मी मनात तयारी करून आले होते. "सर, जिमखान्याची फी मुलींकडूनही घेतात ना?"

"घेतात."

"मग त्या फीचं मुलींना काय मिळतं?"

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "कॅरम आहे," आणि आपल्याच उत्तरावर मोठ्याने हसले. मीही हसले. शिपाई आत डोकावून गेला.

ठरलं ते असं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर पूर्ण संघ मैदानावर खेळताना दिसला, तर ते विद्यापीठाच्या सामन्यांसाठी कॉलेजचं नाव पाठवणार. प्रवासखर्च कॉलेज देणार. प्रशिक्षक नाही, गणवेश नाही.

मुली गोळा करायला मी लेडीज रूमपासून सुरुवात केली. तिथे मुली डबे खायच्या, भरतकाम करायच्या, एकमेकींच्या वेण्या घालायच्या. मी दारात उभी राहून विचारलं, "शाळेत कोण कोण खो-खो खेळलंय?" निम्म्या हातांतले घास तसेच राहिले आणि निम्मे हात वर गेले. इतक्या मुली होत्या तिथे, आणि दहावीनंतर एकीलाही कुणी विचारलं नव्हतं.

हेदवीची एक मुलगी रत्नागिरीत मामाकडे राहून शिकत होती. ती बुटकी आणि चपळ, बसल्या जागेवरून उठायची ती स्प्रिंगसारखी. मंडणगडकडची एक वसतिगृहात होती. डोंगर चढून-उतरून शाळेत गेलेली, तिचा दम कधी संपायचाच नाही. रत्नागिरीतल्याच राजिवड्याची एक मुलगी होती, तिच्या घरचं म्हणणं होतं, खेळायला हरकत नाही पण पाय झाकलेले हवेत. शाळेत ह्याच कारणाने तिचं खेळणं सुटलं होतं. मी म्हटलं, मग सगळ्याच जणी झाकलेले पाय घेऊन खेळू. आम्ही एकाच ताग्यातून निळं कापड घेतलं आणि एका शिंप्याकडून सगळ्यांना घोट्यापर्यंतच्या पँटी शिवून घेतल्या. त्याचा एक फायदा असा झाला, की आणखी तिघींच्या घरच्यांचा विरोध आपोआप मिटला.

जून-जुलैत आमचं मैदान म्हणजे लाल चिखल. म्हणून आम्ही प्रयोगशाळेसमोरच्या लांब व्हरांड्यात बसणं, उठणं आणि खो देणं घोटायचो. प्रात्यक्षिक संपवून मी हाताला ॲसिडचा वास घेऊनच सरावाला यायचे. धावायचा सराव रविवारी, भाट्याच्या किनाऱ्यावर. ओहोटी कधी लागणार हे मी घरून निघतानाच बघून यायचे. शाळेतल्या बाईंना मी आमच्या संघाचं सांगितलं, तर पुढच्या रविवारी त्या स्वतःच छत्री घेऊन भाट्याला हजर.

सगळ्या टिकल्या नाहीत. दोघींची लग्नं ठरली, एकीला घरून बंदी आली. मी त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या. प्राचार्यांचा अनुभव अगदीच खोटा नव्हता, पण अपुरा होता.

पंधरा ऑगस्टला रिमझिम चालू होती. झेंडावंदन झालं, मुलगे पांगायला लागले, आणि आम्ही निळ्या पँटींत, आपसातच पळणाऱ्या आणि पकडणाऱ्या वाटून, मैदानात उतरलो. चौकोन आखायला फक्की टाकली तर ती भिजून वाहून गेली, म्हणून बसायच्या जागांवर विटा ठेवल्या. पहिल्याच खोला हेदवीची उठली आणि चिखलात सपाट पडली. मुलगे हसले. ती उठली, हात पँटीला पुसला आणि पुढच्याच क्षणी आपल्याच मंडणगडकरणीला खांबापाशी असं टिपलं, की हसणारे ओरडायला लागले. आम्ही पूर्ण पाळी खेळलो. प्राचार्य छत्री धरून शेवटपर्यंत उभे होते. सगळं संपल्यावर ते माझ्याजवळ आले, माझ्या चिखलाने माखलेल्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "नाव पाठवतो."

त्या वर्षी आम्ही चिपळूणला दोन सामने जिंकलो आणि मुंबईला जाऊन सपाटून हरलो. मुंबईच्या त्या मुली कोल्हापूरच्या मुलींसारख्याच खेळत होत्या, आणि हरताना मला बरं वाटत होतं, कारण त्या कशा खेळतात ते मला जवळून बघायला मिळत होतं. परत आल्यावर पुढचे सहा महिने आम्ही तेच घोटलं.

सगळंच मनासारखं झालं असं नाही. दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या संघाच्या सराव शिबिरासाठी माझं नाव आलं, आणि त्याच आठवड्यात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा आली. कोल्हापूरला असते तर हा प्रश्नच आला नसता. मी परीक्षा दिली. परखनळीतला रंग बघताना माझ्या डोळ्यांसमोर शिबिराचं मैदान होतं आणि मला ते फार लागलं. घरी गेल्यावर त्या संध्याकाळी मी जेवले नाही. बाबांनी विचारलं, "पस्तावा होतोय?" मी म्हटलं, "नाही. वाईट वाटतंय." ते म्हणाले, "मग ठीक हाय. वाईट वाटतं ते जातं." पुढच्या वर्षी माझं नाव पुन्हा आलं, तेव्हा आड काही आलं नाही आणि मी विद्यापीठाकडून खेळले.

माझा गुडघा कधीच गेला नाही. आजही जिने चढताना कुरकुरत नाही. म्हणजे ज्या भीतीपोटी मी कोल्हापूर सोडलं ते घडलंच नाही, आणि गेले असते तर कदाचित फार पुढे खेळले असते. लोक कधीकधी मला हे सुनावतात. मी त्यांना सांगते, की मी गुडघा जाणार म्हणून नाही म्हटलं नव्हतं. गुडघा गेला तरी जे राहील ते मला हवं होतं, आणि ते मी निवडलं. आज पुन्हा विचारलं तरी तेच निवडीन.

शेवटच्या वर्षी आम्ही मुंबईत उपांत्य फेरीपर्यंत पोचलो. समोर तोच संघ, ज्याने पहिल्या वर्षी आम्हाला पाणी पाजलं होतं. ह्या वेळी त्यांना आमच्यासाठी घाम गाळावा लागला. शेवटच्या पाळीत बरोबरीला एक गडी कमी होता आणि मंडणगडच्या मुलीने असा सूर मारला, की तिची कोपरं सोलून निघाली. बोटं त्यांच्या खेळाडूच्या पँटीला लागली की नाही, ह्यावर पंच क्षणभर थांबले. मग त्यांनी मान हलवली. नाही लागली. आम्ही हरलो. मंडणगडची मुलगी उठून पंचांना म्हणाली, "बरोबर आहे सर, नाही लागली." त्यांच्या कर्णधाराने येऊन तिचा हात धरला आणि आम्हाला सगळ्यांना विचारलं, "तुमचे सर कोण?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. राजिवड्याची मुलगी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हीच. पण हिची आता परीक्षा आहे."

परीक्षा खरंच तोंडावर होती. रत्नागिरीला उतरल्यावर प्राचार्यांना निकाल सांगायला गेले, तेव्हा त्यांनी हरल्याचं काही विचारलं नाही. म्हणाले, "तू गेल्यावर कर्णधार कोण?"

"राजिवड्याची. मध्ये तिचं एक वर्ष बुडालं, म्हणून अजून एक आहे."

"तिला उद्या पाठव," ते म्हणाले. "गणवेशाचं ह्या वेळी कॉलेज बघेल."

गणितात मला पहिला वर्ग मिळाला आणि बी.एड. करून मी लांज्याच्या एका शाळेत लागले. मुख्याध्यापकांनी पहिल्या दिवशी वेळापत्रक हातात दिलं, सकाळी आठवीचं आणि नववीचं गणित. शेवटचे दोन तास रिकामे दिसले म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही खेळता असं ऐकलंय. खेळाला कुणी शिक्षक नाही आमच्याकडे. जमेल?"

मी म्हटलं, "मैदान दाखवा."